बॅटरी गेली मे महिन्यात, कळलं डिसेंबरात

कट-कट-कट-कट. टेबलावर कुणी भराभर नखं वाजवावीत तसा आवाज, आणि मग काहीच नाही. डिसेंबर २०२४ मधली सकाळ, साडेसहाची वेळ, नागपुरातलं आमचं प्रतापनगरचं घर. बाबांनी चावी फिरवली तेव्हा गाडीने एवढंच उत्तर दिलं. स्पीडोमीटरवरचे दिवे क्षणभर मंदावले, घड्याळ पुसलं गेलं, चावी सोडल्यावर परत उजळलं. गाडी सेल्फ घेत नव्हती, म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणारी मोटर फिरत नव्हती.

पुढच्या दीड दिवसात या एका आवाजावर चार मतं गोळा झाली. शेजारच्या काकांनी आपल्या गाडीवरून जंपर केबल लावून दिली, गाडी झटक्यात सुरू झाली. "बॅटरी उतरली होती, एक चक्कर मारून या, होईल चार्ज." दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने कान लावून निदान केलं, "ताई, सेल्फ गेला नं याचा. उतरवावा लागन." खर्च साडेतीन हजार. बॅटरीच्या दुकानात फोन केला तर पलीकडून प्रश्न आला, "वरचा डोळा हिरवा दिसतो का? हिरवा असंल तर बॅटरी चांगली हाय." डोळा हिरवाच होता. आणि बाबा पहिल्यापासून एकच सांगत होते: "टर्मिनलला घाण बसली आहे, बाकी काही झालेलं नाही. मी चाळीस वर्षं गाड्या वापरतोय."

गंमत अशी की यातल्या प्रत्येकाच्या मतामागे काहीतरी खरं होतं. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. बॅटरीवरचं प्रकरण दरवर्षी फळ्यावर काढायचं आणि घरच्या बॅटरीचा प्रश्न आला की अंदाजाने पैसे द्यायचे, हे मनाला पटेना. शनिवार-रविवार हाताशी होते. मल्टिमीटर होता. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी घेतलेला, आम्लाची घनता मोजणारा हायड्रोमीटर माळ्यावर पडला होता, तोही खाली काढला.

गाडी आणि तिचा दिनक्रम

गाडी साधी, पेट्रोलवर चालणारी, हाताने गिअर टाकायची, आठ वर्षांची छोटी हॅचबॅक. सिग्नलला आपोआप बंद-चालू होणारी व्यवस्था तिच्यात नाही. बॅटरी फेब्रुवारी २०२१ मध्ये बसवलेली, म्हणजे तीन वर्षं दहा महिन्यांची. ३५ अँपिअर-तासांची, लेबलवर ३८बी२०एल असा शिक्का. बाबा निवृत्त. आठवड्यातून दोनदा गोकुळपेठच्या बाजारात जातात, कधी बँकेत. जाऊन-येऊन सात-आठ किलोमीटर. उरलेला सगळा वेळ गाडी फाटकाबाहेर, उघड्यावर, पश्चिमेकडे तोंड करून उभी. नागपूरचा मे ज्याने पाहिला आहे त्याला दुपारी चार वाजता त्या बॉनेटला हात लावून बघ असं सांगावं लागणार नाही.

आणखी एक गोष्ट होती, पण ती मला अगदी शेवटपर्यंत आठवली नाही.

आवाज आणि दिवे

उपकरणांआधी कान. किल्ली फिरवल्यावर काहीच आवाज नाही, दिवे मात्र लख्ख, असं असेल तर संशय किल्लीचा स्विच, रिले किंवा सेल्फच्या वायरीवर जातो. एकच जाड 'टक्' आणि पुढे शांतता असेल तर सेल्फच्या आतले संपर्क बिघडलेले असू शकतात. आमच्याकडे होती ती भराभर कट-कट. ती अशी होते: सेल्फवरचं सोलेनॉइड, म्हणजे त्याचा चुंबकी स्विच, ओढलं जातं, मोटर दीडशे-दोनशे अँपिअर मागते, बॅटरीचा दाब, म्हणजे व्होल्ट, कोसळतो, सोलेनॉइड सुटतं, भार हटल्यामुळे दाब परत वर येतो, सोलेनॉइड पुन्हा ओढलं जातं. एका सेकंदात हे अनेकदा. म्हणजे सेल्फ मागतोय, त्याला मिळत नाही.

सेल्फ शाबूत असल्याचा पुरावा तर आदल्या दिवशीच मिळाला होता, फक्त कुणी त्याकडे तसं पाहिलं नव्हतं. काकांच्या गाडीची वीज मिळताच इंजिन पहिल्या फटक्यात फिरलं. बिघडलेला सेल्फ दुसऱ्याची बॅटरी जोडल्यामुळे बरा होत नाही. साडेतीन हजारांचं काम तिथेच बाद केलं. मेकॅनिकला मी खोटारडा म्हणणार नाही. आतून घासून जाम होऊ लागलेला सेल्फही जोरात वीज ओढून असाच अडतो, त्याने रोज पाहिलेलं तो बोलला.

जंपर लावण्याबद्दल जाता जाता एक. लाल केबल दोन्हीकडे धन टर्मिनलला, काळी केबल चांगल्या बॅटरीच्या ऋणाला, आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडतेच, आणि चार्ज होणारी बॅटरी हायड्रोजन सोडते. हवेत तो चार टक्क्यांवर गेला की पेट घेऊ शकतो. काकांनी काळं टोक थेट बॅटरीवर लावलं होतं. काही झालं नाही, पण उद्याही होणार नाही याची हमी त्यात नाही.

बाबांचं टर्मिनल

बॉनेट उघडलं. धन टर्मिनलवर पांढरट-हिरवी बुरशी फुललेली. बाबांचा चेहरा 'मी म्हटलं नव्हतं?' असा. मोजायची पद्धत सोपी आहे, पण फार कमी लोक वापरतात: मीटर २० व्होल्टच्या दर्जावर ठेवायचा, एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खांबावर, दुसरं त्याच खांबाला पकडलेल्या क्लॅम्पवर. दोन्ही एकाच जागी असल्यासारखे, म्हणून वाचन शून्य हवं. मग कुणालातरी सेल्फ मारायला सांगायचं. बाबांनी मारला. मीटरवर ०.८ व्होल्ट. खांबापासून क्लॅम्पपर्यंतच्या केसाएवढ्या अंतरात ०.८ व्होल्ट खाल्ले जात होते! चांगल्या जोडावर हा आकडा ०.१-०.२ च्या पुढे जाऊ नये.

खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून ओतला, फसफसला, जुन्या टूथब्रशने घासलं, पुसलं, सॅंडपेपर फिरवून खांब चकचकीत केला, क्लॅम्प आवळला. पुन्हा मोजलं: ०.०६. बाबांनी चावी फिरवली. कट-कट थांबली होती, त्याऐवजी 'घर्र... घर्र...' अशी ओढत-ओढत तीन आवर्तनं, आणि इंजिन लागलं.

"झालं का समाधान?" बाबा म्हणाले, आणि चहाला आत गेले.

माझं झालं नव्हतं. दोष खरा होता, तो दूरही झाला होता, तरी इंजिन म्हातारं झाल्यासारखं फिरत होतं. एक दोष सापडला म्हणजे तो एकटाच आहे असं थोडंच असतं.

इंजिन चालू होतं तेवढ्यात अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणारं जनित्र, पाहून घेतला: दोन्ही टर्मिनलांवर मीटर, १४.२ व्होल्ट. हेडलाइट, पंखा, मागच्या काचेची तापन-जाळी सगळं लावल्यावर १३.८. हे उत्तम. १३.५ च्या खाली रेंगाळला किंवा १५ च्या पुढे गेला असता तर काळजी. तो विषय तिथेच संपला.

बारा पूर्णांक किती?

रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी रविवारी सकाळी मोजली: १२.०८ व्होल्ट. बारा व्होल्टची बॅटरी आणि बारा व्होल्ट, मग काय हवं? इथेच बहुतेक जण फसतात. शिसे-आम्ल बॅटरीत सहा कप्पे असतात, प्रत्येकी साधारण २.१ व्होल्ट. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत १२.६ ते १२.७ दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे जेमतेम पाव. १२ आणि १२.६ मधल्या त्या सहा दशांशांतच बॅटरीचा बहुतेक सगळा संसार आटोपतो. मोजण्याआधी गाडी काही तास बंद हवी. नुकती चालवून आणलेल्या गाडीची बॅटरी वरवरच्या चार्जमुळे १२.८-१२.९ दाखवून खोटी आशा लावते.

पण १२.०८ वरून बॅटरी मेली असंही म्हणता येत नाही. ती फक्त रिकामी असू शकते. रिकाम्या माठाला फुटका ठरवायचं तर आधी तो भरून बघावा लागतो. म्हणून बॅटरी उतरवली, अंगणात उघड्या हवेत ठेवली, लेबलखालची सहा बुचं काढली. त्यावर 'देखभाल नको' असं लिहिलेलं असलं तरी बुचं होती, फक्त स्टिकरने झाकलेली. आत डोकावून पाहिलं तर तीन कप्प्यांत पाणी इतकं उतरलेलं की आतल्या शिशाच्या पट्ट्यांच्या कडा कोरड्या पडलेल्या.

बाबा म्हणाले, थोडं ॲसिड टाकू. नाही. उडतं ते पाणी, आम्ल आतच राहतं, त्यामुळे भरायचं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी बाटलीत साठवून बॅटरीत ओतायची आपल्याकडे घरोघरी रीत आहे. ते वाफेचंच पाणी असलं तरी थंड जाळीवरची धूळ आणि धातूचे कण घेऊन उतरतं. पन्नास-साठ रुपयांच्या कॅनसाठी ही जोखीम मला तरी परवडत नाही. आणि चार्जिंगआधी पट्ट्या जेमतेम बुडतील एवढंच पाणी घालावं, चार्जिंगमध्ये पातळी वर चढते. उरलेलं मागाहून.

चार्जर साडेतीन अँपिअरवर लावला. क्षमतेच्या एक दशांश, हा जुना आणि निर्धोक नियम. रात्री नऊला बघायला गेले तर पाच कप्प्यांत बारीक बुडबुडे उठत होते, सोड्याच्या ग्लाससारखे. धन टोकाकडून तिसरा कप्पा मात्र डबक्यासारखा शांत. त्या क्षणी मला उत्तर बहुतेक कळलं, पण आकडा हवा होता.

सकाळी चार्जर काढला, दिवसभर बॅटरीला हात लावला नाही. कॉलेजातून आल्यावर मीटर: १२.४७. बाबांनी चष्मा लावून आकडा वाचला. "पाऊणच्या वर आहे की. तूच म्हणालीस."

मग हायड्रोमीटर. काचेच्या नळीत प्रत्येक कप्प्यातलं आम्ल ओढून तरंगकाडीवरची घनता वाचली. १.२६०, १.२५५, १.१५०, १.२६०, १.२५५, १.२६०. भरलेल्या कप्प्याची घनता १.२६५ च्या आसपास असते, पूर्ण उतरलेल्याची १.१२० च्या जवळ. कप्प्याकप्प्यांत ०.०५० पेक्षा जास्त फरक पडला की बॅटरी बाद समजावी. इथे ०.११० चा खड्डा होता.

आता त्या १२.४७ चं काय? एका कप्प्याचा विश्रांतीतला दाब काढायचं एक जुनं सूत्र आहे: घनतेत ०.८४ मिळवा. सहाही घनतांची बेरीज ७.४४०, त्यात सहा वेळा ०.८४, म्हणजे ५.०४. एकूण १२.४८. मीटरने १२.४७ दाखवलं होतं! बाबांना हा हिशेब वहीच्या पाठीमागे करून दाखवला. एक कप्पा जवळपास मेलेला असताना एकूण व्होल्टमध्ये फक्त ०.१ चा फरक पडतो. बारा व्होल्टचा मीटर तो लपवतो.

आणि हिरवा डोळा? तो म्हणजे आत बसवलेला छोटा हायड्रोमीटरच, हिरवी गोळी तरंगली की हिरवं दिसतं. पण तो एकाच कप्प्यात असतो. आमचा दुसऱ्या कप्प्यात होता. तिसऱ्यात काय चाललंय याची त्याला खबर नव्हती. दुकानदाराने विचारलेला प्रश्न चुकीचा नव्हता, पण सहा भाऊ आजारी आहेत का ते एकाची नाडी पाहून ठरवण्यासारखा होता.

शेवटची खात्री कामाला जुंपून. बॅटरी परत बसवली, इंजिन लागू नये म्हणून पेट्रोल पंपाचा फ्यूज काढला, आणि बाबांना तीन-चार सेकंद सेल्फ मारायला सांगितलं. खांबांवर थेट मीटर. १२.४७ वरून घसरत ८.६. चांगली बॅटरी ९.६ च्या वर राहायला हवी, बहुतेक वेळा दहाच्या वरच राहते. भरलेली टाकी, पण पाइपात क्षार साचलेला: नळ बंद असताना दाब पूर्ण, उघडला की करंगळीएवढी धार.

क्षाराची ही उपमा फारशी लांबची नाही. वीज देताना दोन्ही पट्ट्यांवर शिशाचं सल्फेट तयार होतं, चार्ज करताना ते विरघळून परत जातं. फ्रान्समध्ये गास्ताँ प्लाँते यांनी १८५९ साली शिशाच्या पट्ट्या सौम्य गंधकाम्लात बुडवून पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी केली, तेव्हापासून रसायन हेच आहे. बॅटरी बराच काळ अर्धवट रिकामी राहिली की त्या सल्फेटचे मोठे, कडक खडे बनतात आणि ते साध्या चार्जिंगने परत जात नाहीत. कोरड्या पडलेल्या पट्टीचा तर तेवढा भाग कायमचा गेलेला.

मेलेली बॅटरी, आणि तिला पिणारा

इथे थांबून नवी बॅटरी आणली असती तर तीही वर्षभरात गेली असती. तीन वर्षं दहा महिने हे काही अल्पायुष्य नाही, विदर्भात तर नाहीच. पण एवढी रिकामी ती राहत का होती?

आपल्याकडे सर्रास म्हणतात, छोट्या फेऱ्यांनी बॅटरी जाते, सेल्फ मारताना फार वीज लागते. हिशेब करून बघा. छोट्या इंजिनाला दीडशे अँपिअर, दोन सेकंद. तीनशे अँपिअर-सेकंद. भागिले ३,६०० म्हणजे ०.०८३ अँपिअर-तास. अल्टरनेटर हे मिनिटभरात भरून देतो, बॅटरी धड असेल तर. म्हणजे दोषी सेल्फ नव्हे. दोन फेऱ्यांच्या मधले तीन-तीन दिवस गाडी नुसती उभी असताना काय होतं, तो खरा प्रश्न.

ऋण क्लॅम्प काढला, मीटरची लाल वायर दहा अँपिअरच्या खाचेत टाकली, आणि मीटर क्लॅम्प व खांब यांच्या मध्ये जोडला. आता गाडीची प्रत्येक थेंब वीज मीटरमधून जाणार. चावी बाहेर, दारं बंद, फक्त बॉनेट उघडं. पहिलं वाचन जवळपास एक अँपिअर. घाबरायचं नाही, आणि या जोडणीत सेल्फ तर चुकूनही मारायचा नाही, मीटरचा फ्यूज तरी जाईल नाहीतर मीटर. गाडीतली इलेक्ट्रॉनिक खोकी झोपायला वेळ घेतात. पंचवीस मिनिटं वाट पाहिली. ०.२५ वर स्थिर. घड्याळ, कुलूप, इंजिनचा संगणक यांना मिळून ०.०५ पर्यंत चालतं, त्याच्या पाचपट.

एकेक फ्यूज काढत गेले. दिवे, काही नाही. रेडिओ, थोडं. सिगारेट लायटरच्या सॉकेटचा काढला आणि आकडा ०.२५ वरून ०.०२ वर कोसळला.

तेव्हा आठवलं. दिवाळीत माझ्या भावाने बाबांना डॅशकॅम भेट दिला होता. गाडी उभी असतानाही चित्रण करणारा, पार्किंगमध्ये कुणी घासून गेलं तर कळावं म्हणून. आठ वर्षांच्या गाडीला पहिल्यांदाच दागिना. बसवणाऱ्याने वायर कायम चालू असलेल्या फ्यूजवर टोचली होती. ०.२३ अँपिअर, दिवसाला साडेपाच अँपिअर-तास. म्हणजे गाडी एकदा सुरू व्हायला जेवढी वीज लागते तेवढी हा कॅमेरा बावीस मिनिटांत पितो, रात्रंदिवस. त्यात 'बॅटरी संरक्षण' नावाची सोय होती, पण ती ११.८ व्होल्टला लावलेली. घरातला शेवटचा दाणा संपल्यावर पाहुण्याने आता पुरे म्हणण्यासारखी.

मग सगळी कथा जुळली. नोव्हेंबरभर बॅटरी तळाशी घासत होती. पण तिसरा कप्पा महिन्याभरात असा होत नाही. पट्ट्या उघड्या पडेपर्यंत पाणी उडालं ते चार उन्हाळ्यांत. साधारण दर दहा अंशांमागे बॅटरीतल्या झिजेच्या क्रिया दुप्पट वेगाने होतात, आणि पंचेचाळीस अंशांच्या दुपारी बॉनेटखाली काय असेल ते वेगळं सांगायला नको. उन्हाळ्यात मात्र हे जाणवत नाही, कारण गरम बॅटरी जोर देते आणि इंजिनातलं ऑइल पातळ असतं. थंडी आली की ऑइल जड, बॅटरीचा जोर कमी, आणि मे महिन्यात लागलेली वाळवी डिसेंबरात दिसते. लोक थंडीला नावं ठेवतात.

दुकानात

वॉरंटी कार्ड शोधलं. २४ महिने पूर्ण, पुढचे २४ प्रमाणानुसार सूट. ४६ वा महिना चालू होता, म्हणजे हक्क होता, पण ती सूट छापील एमआरपीवर मिळते आणि बाजारात बॅटरी एमआरपीला कुणी घेतच नाही. शेवटच्या महिन्यांत दोन्ही हिशेब जवळपास सारखेच येतात, आणि दाव्यासाठी बॅटरी दोन दिवस दुकानात ठेवावी लागली असती. सोडून दिलं. कार्ड ३०-३५ महिन्यांचं असतं तर नक्की भांडले असते.

३८बी२०एल या जपानी पद्धतीच्या खुणेत ३८ हा ताकदीचा दर्जा, बी म्हणजे रुंदी-उंचीचा गट, २० म्हणजे लांबी सेंटिमीटरमध्ये. शेवटचं अक्षर सगळ्यात महत्त्वाचं. टर्मिनलची कड आपल्याकडे करून बॅटरी ठेवली आणि धन खांब उजवीकडे आला तर ती एल, डावीकडे आला तर आर. काउंटरवरच्या मुलाने खोकं आणून ठेवलं, मी बिल केलं, घरी आले, लेबल वाचलं: ३८बी२०आर. तीच कंपनी, तोच रंग, तेच माप. धन केबल चार बोटं कमी पडत होती.

बाबा म्हणाले, "अगं, फिरवून बसव ना." फिरवली की धन बाजू बरोबर येते, पण खांब ट्रेच्या दुसऱ्या कडेला जातात, केबल ताणली जाते आणि वरून बॉनेटचा पत्रा जवळ येतो. ताणलेली केबल इंजिनाच्या थरथरीने सुटणार. आणि न फिरवता 'पोचतं तिथे' लावली तर उलटी जोडणी. एका क्षणात मुख्य फ्यूज, नशीब वाईट असेल तर अल्टरनेटरचे डायोडसुद्धा. परत नेली. मुलगा म्हणाला, "ताई, रोज एक तरी अशी वापस येते." मग रोज एकदा लेबल का वाचत नाही, हे मी विचारलं नाही.

बदलून घेताना दोन गोष्टी केल्या, ज्या पहिल्या खेपेलाच करायला हव्या होत्या: उत्पादनाचा महिना विचारून पाहिला (तीन महिन्यांच्या आतली मिळाली), आणि दुकानातच मीटर लावला, १२.६८. सहा महिने फळीवर पडलेली बॅटरी नवी असली तरी ताजी नसते.

बसवताना

बांगड्या, अंगठी, घड्याळ आधी काढून ठेवलं. हा सोवळ्याचा भाग नाही. दहाचा पाना एका बाजूला धनाला आणि अंगठी दुसऱ्या बाजूला बॉडीला टेकली तर ती क्षणात तापून बोटात रुतते. रेडिओचा कोड कागदावर उतरवून घेतला. चावी बाहेर.

आधी ऋण सोडायचा, मग धन. कारण सगळी बॉडी ऋणाला जोडलेली असते. ऋण सुटलेला असताना पाना धनावरून घसरून पत्र्याला लागला तरी काही होत नाही. उलट क्रमाने केलं तर पान्याचंच वेल्डिंग. बसवताना नेमकं उलट, धन आधी, ऋण शेवटी. बॅटरी दहा किलोच्या आसपास, पट्टी नसेल तर खालून दोन्ही हातांनी उचलावी. बाबांना उचलू दिली नाही, त्यावर थोडी नाराजी झाली. ट्रे सोड्याच्या पाण्याने धुतला, आम्लाने खाल्लेल्या जागी रंग लावला. बॅटरी दाबून धरणारी पट्टी परत आवळली. दुकानदार घरी येऊन बसवतात तेव्हा हिचा नट हमखास तसाच ढिला सोडतात, आणि खड्ड्यांतल्या थरथरीने पट्ट्यांवरचं लेपण झडतं. धन खांब ऋणापेक्षा जाड असतो, त्यामुळे क्लॅम्प अदलाबदल करून बसवायला गेलात तर जागीच शंका यावी. हातोडीने ठोकू नये. सगळं आवळल्यावर वरून व्हॅसलीनचा पातळ थर.

चावी फिरवली. 'घर्र' पूर्ण व्हायच्या आत इंजिन लागलं. सेल्फ मारताना १०.७ च्या खाली गेलं नाही, चालू इंजिनावर १४.२. पहिली दहा मिनिटं इंजिनचे फेरे थोडे वर-खाली झाले, संगणक आपलं जुनं शिकलेलं विसरतो म्हणून, मग बसले. घड्याळ लावलं.

हे सगळं घरी जमलं ते गाडी जुन्या पद्धतीची होती म्हणून. सिग्नलला बंद होणाऱ्या गाड्यांत ईएफबी किंवा एजीएम जातीची बॅटरी लागते, बऱ्याच गाड्यांत नवी बॅटरी संगणकाला ओळखवून द्यावी लागते. तिथे मी पाना हातात घेणार नाही.

जुनी बॅटरी दुकानात दिली, बिलातून सातशे रुपये कमी झाले. भंगारवाल्याने थोडे जास्त देऊ केले होते. पण तिच्या वजनाचा मोठा भाग शिसं आहे, आणि उघड्यावर फोडून, आम्ल नालीत ओतून ते वितळवणाऱ्या जागा असतात. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, दुकानदाराने ती घेणं त्या साखळीचाच भाग.

डॅशकॅमची वायर चावीबरोबर चालू-बंद होणाऱ्या फ्यूजवर नेली. उभ्या गाडीचं चित्रण गेलं. भावाला फोन करून सांगितलं, तो म्हणाला, "मग उपयोग काय त्याचा?" बाबांनी फोन घेतला आणि रस्त्यावर कोण कसं चालवतं ते दिसतं म्हणून समजूत घातली.

आता मीटर त्यांच्याकडेच असतो. दुधाच्या हिशेबाच्या वहीत दर रविवारी सकाळी आकडा लिहितात: १२.६१, १२.५९, १२.६२. उन्हाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. फाटकाच्या डाव्या अंगाला कडुलिंब आहे, दुपारभर सावली. तिथे लावा म्हटलं तर म्हणतात, पाखरं घाण करतात. वाद फेब्रुवारीपर्यंत चालू आहे. मार्चात ऊन चढलं की पुन्हा काढीन.